पिकअप आणि पॉप-अप कॅम्पर विकताना: कॅलिफोर्नियातला आमचा अनुभव, पायरीपायरीने

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रीमॉंटला राहतो. सहा वर्षं वापरलेला आमचा २०१६ चा फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसणारा पॉप-अप कॅम्पर, दोन्ही यंदा विकलं. कारण साधं, थोरलीचे पाय बंकच्या बाहेर यायला लागले आणि धाकट्याला आता सुट्टीत फक्त क्रिकेट खेळायचं असतं. विकायला काढताना वाटलं होतं, टाकू जाहिरात आणि दोन आठवड्यात मोकळे होऊ. प्रत्यक्षात नोव्हेंबरपासून मार्च उजाडला, त्यातले तीन महिने निव्वळ आमच्या चुकांमुळे गेले. इथून पुण्या-मुंबईला परत जाणाऱ्या मंडळींकडे तर तीन महिने हातात नसतातच, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक घोळ मिटवतो. पॉप-अप म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे मागे ओढायचा, तंबू उघडणारा ट्रेलर येतो. त्याला स्वतःचं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद असतो, नंबरप्लेट असते. मी बोलतोय ते ट्रकच्या हौद्यात ठेवायच्या खोक्याबद्दल, ज्याचं छत वर उचललं की कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत उभं राहता येतं. आपल्या इथे वुडलंडला फोर व्हील कॅम्पर्सवाले बनवतात ना, तो प्रकार. नियम दोन्हीचे वेगळे आहेत, त्यामुळे जाहिरातीतही पहिल्या ओळीत स्पष्ट लिहा, नाहीतर निम्मे फोन चुकीचे येतात.

१. जोडीने विकायचं की सुटं, हे आधी ठरवा

आम्ही पहिल्यांदा "फॅमिली ट्रॅव्हल सेटअप, सगळं एकत्र, रेडी टू गो" अशी जाहिरात टाकली आणि तिथेच चुकलो. ज्याला कॅम्पर हवा असतो त्याच्याकडे बहुतेक वेळा ट्रक असतोच, आणि ज्याला ट्रक हवा असतो त्याला डोक्यावर खोकं नको असतं. दोन्ही एकदम हवं असणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. मग फेब्रुवारीत तीन किमती टाकल्या, ट्रकची वेगळी, कॅम्परची वेगळी, आणि दोन्ही घेतलं तर थोडी कमी, आणि खाली एक ओळ की ट्रक आधी गेला तरी कॅम्पर जॅकवर उभा राहील, अडचण नाही. फोन तिप्पट यायला लागले. शेवटी दोन्ही एकाच जोडप्याने घेतलं, पण ते आलेले फक्त कॅम्पर बघायला!

मात्र सुटं विकायचं असेल तर कॅम्पर उतरवून ठेवायला चार कोपऱ्यांचे जॅक हवेत आणि उभं करायला जागा हवी. जॅक आम्ही वजन वाचवायला काढून गॅरेजमध्ये टाकले होते, त्यातल्या एकाचा बोल्ट सापडेना, त्यात एक शनिवार गेला. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी लीजचे नियम बघा, किंवा सरळ जोडीनेच विका.

२. कागद हातात येईपर्यंत जाहिरात टाकू नका

लागणारे कागद:

- ट्रकचं टायटल, म्हणजे इथली पिंक स्लिप
- स्मॉग सर्टिफिकेट, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, विक्रीच्या आधीच्या ९० दिवसांतलं
- ट्रक आणि कॅम्पर दोघांची वेगवेगळी बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद), दोन-दोन प्रती
- कॅम्परचं मूळ बिल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो
- सर्व्हिसच्या पावत्या, टायर-बॅटरीच्या पावत्या, मॅन्युअलं
- लोन असेल तर बँकेचं पेऑफ लेटर, म्हणजे लोन फेडायला किती बाकी आहे त्याचं पत्र

टायटल घरात कुठल्या फाइलमध्ये आहे ते आजच बघा. लोन फिटलं असेल पण टायटल अजून बँकेच्या नावाने इलेक्ट्रॉनिक पडून असेल तर कागद यायला आठवडे लागू शकतात. हरवलं असेल तर डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, डुप्लिकेटचा अर्ज करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द नीट वाचा. "ऑर" असेल तर एकाची सही चालते, "अँड" असेल तर दोघांची लागते. आमचे एक मित्र आधी पुण्याला जाऊन नोकरीवर रुजू झाले, मागे वहिनी गाडी विकणार होत्या, आणि टायटलवर "अँड". मग पॉवर ऑफ अॅटर्नीचा (मुखत्यारपत्राचा) कागद कुरियरने मागवा, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. विमानात बसायच्या आधी तो फॉर्म सही करून ठेवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

कॅम्परची गंमत अशी की कॅलिफोर्नियात हौद्यात बसणाऱ्या कॅम्परला टायटलच नसतं, बिल ऑफ सेल हाच काय तो पुरावा. पण ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये कॅम्परलाही टायटल लागतं, त्यामुळे तिकडचा माणूस सिरियल नंबर, मूळ बिल असं सगळं विचारतो. त्याला संशयी समजू नका, त्याला तिकडे जाऊन ते दाखवायचं असतं.

३. स्मॉगच्या आधी बॅटरीला हात लावू नका

हा माझा स्वतःचा पराक्रम. कॅम्परची बॅटरी चार्ज करायला ट्रकच्या बॅटरीपासून एक जाड वायर मागे नेलेली होती. सुटं विकायचं म्हणून ती काढली, काढताना ट्रकची बॅटरी डिसकनेक्ट केली, परत लावली आणि दुसऱ्या दिवशी छाती पुढे काढून स्मॉगला गेलो. तिथला माणूस म्हणाला, मॉनिटर रेडी नाहीत. बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या केलेल्या तपासण्या पुसल्या जातात, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी थंड असताना सुरू करणं, थोडी गावात, थोडी हायवेवर असं काही दिवस चालवावं लागतं. पाच दिवस ऑफिसला ट्रक नेला, मग पास झाली. तेव्हा स्मॉग आधी, वायरींचे उद्योग नंतर.

४. ओल: गिऱ्हाईक सगळ्यात आधी हेच शोधणार

कॅम्परचं इंजिन नसतं, त्यामुळे त्याचं आयुष्य ठरवते ती ओल. जे जोडपं शेवटी घेऊन गेलं त्यातल्या बाईंनी आत शिरल्यावर हॅलो म्हणायच्या आधी गादी उचलली आणि चारही कोपऱ्यांत प्लायवूडवर अंगठा दाबून बघितला. मऊ लागलं असतं तर पुढचं बोलणंच झालं नसतं.

तर तुम्ही हे आधी स्वतः करा. गाद्या बाहेर काढा, कोपरे, खिडक्यांखालचा भाग, छतावरच्या पंख्याच्या भोवतीचा भाग, सिंकखालचं कपाट, सगळीकडे हात फिरवा. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तातला ओल मोजायचा मीटर मिळतो, तो घ्या आणि त्याचे आकडे दिसतील असे फोटो काढा, जाहिरातीत फार उपयोगी पडतात. छतावरचं सीलंट तडकलं असेल तर आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या) छताचं सीलंट आणून दुरुस्त करा. घरातलं उरलेलं सिलिकॉन कृपा करून फासू नका, ते नंतर नीट निघत नाही आणि जाणकार माणसाला ताजा पांढरा लेप बघून उलटीच शंका येते की इथे गळत होतं.

कापडी भिंतींना घडीच्या जागी बारीक छिद्रं पडतात. भर दुपारी आत बसून दार लावलं की ताऱ्यांसारखी दिसतात. आम्हाला तीन सापडली, पॅच लावले, आणि ते पॅच स्वतःहून दाखवले. पावसात ओला बंद केलेला कॅम्पर घरी येऊन उघडून वाळवला नसेल तर शिवणींना काळी बुरशी असणार, ती पण आत्ताच बघा.

आता खास आपला मुद्दा, वास. मेंडोसिनोला तीन दिवस पाऊस लागला होता तेव्हा आत बसून कांदे-पोहे, पिठलं, रस्साभाजी सगळं झालं. आपल्याला त्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं, पण कापडात आणि फोमात मुरलेली हिंगाची फोडणी परक्या नाकाला दारातच कळते. गाद्यांची कव्हरं धुतली, फोम चार दिवस उन्हात, छत वर करून खिडक्या सताड उघड्या, भिंती व्हिनेगरच्या पाण्याने पुसल्या, कपाटात बेकिंग सोडा उघडा ठेवला. वास गेला. सुगंधी स्प्रे मारू नका, त्याने "काहीतरी लपवतायत" असं वाटतं.

उंदरांच्या लेंड्याही बघा, फर्नेसच्या (आतल्या हीटरच्या) मागे आणि वॉटर पंपाशेजारी. असतील तर मास्क-ग्लोव्हज घालून, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून मगच उचला, कोरडं झाडू नका, हंताव्हायरसचा धोका असतो.

५. वजनाचं खरं सांगा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडाच्या वर जाऊ नये. आमच्या ट्रकला १,७४० पाउंड. आता हिशोब बघा. कॅम्पर, त्यात बॅटरी, फ्रिज, सोलर धरून १,२५०. आम्ही चौघं ४३०. पाण्याची टाकी २० गॅलन, गॅलनला ८.३ पाउंड म्हणजे १६६. कपडे-खाणं १००. झाले १,९४६, म्हणजे २०६ पाउंड जास्त. आम्हाला हे दोन ट्रिपांनंतर कळलं, ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं तेव्हा. त्यानंतर पाणी मुक्कामाच्या जवळ जाऊनच भरायचो आणि मुलांच्या खेळण्यांची पेटी घरी राहायला लागली.

मागे एअरबॅग किंवा जास्तीची स्प्रिंग लावली की ट्रक खाली बसत नाही, चालवायला बरं वाटतं, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. विकताना "हाफ-टनला (म्हणजे आमच्यासारख्या हलक्या पिकअपला) आरामात जातं" असं ठोकून देणारे पुष्कळ आहेत. मी काट्याची पावतीच पुढे ठेवली. चार जणांचं एक कुटुंब ती बघून परत गेलं, वाईट वाटलं, पण ते दोन मुलांना घेऊन डोनर पासचा घाट उतरणार होते. घेणारं जोडपं दोघंच होतं, त्यांना हिशोब बसला. फक्त कॅम्पर विकत असाल तर समोरच्याला म्हणावं, तुझ्या ट्रकच्या स्टिकरचा फोटो पाठव, मग ये बघायला. दोघांचाही वेळ वाचतो.

६. किंमत: हौसेला मोल नसतं, अगदी शब्दशः

लिथियम बॅटरी, सोलर पॅनल, मी स्वतः सुताराची कामं शिकून केलेला तिसरा बंक, बायकोने शिवलेले पडदे. सगळ्याची बेरीज करून नोव्हेंबरमध्ये ४१,००० डॉलर मागितले आणि शुकशुकाट. घरी बनवलेल्या बंकला तर किंमत सोडाच, एकाने विचारलं की हा काढता येतो का.

ट्रकसाठी "केली ब्लू बुक" या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या साइटवर "प्रायव्हेट पार्टी" हा भाव बघा, डीलरचा विक्री भाव नको. कॅम्परसाठी फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्ट आणि आरव्ही ट्रेडरवर तसंच मॉडेल शोधा, पण मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, त्यामुळे आठवडाभर लक्ष ठेवा की कुठल्या जाहिराती गायब होतात आणि कुठल्या दर शनिवारी थोड्या उतरतात. गायब होणाऱ्यांच्या आसपास आपला आकडा. आम्ही फेब्रुवारीत एकत्र ३६,५०० टाकले, ३४,८०० ला व्यवहार झाला. हंगामाचाही भाग आहे, थंडीत कॅम्पर घेणारे कमी, वसंत लागायच्या तोंडावर लोक जागे होतात.

डीलरला देणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी पैशाचं. तीन आठवड्यांत विमान असेल तर तेच करा, जीव काढू नका.

७. फोटो आणि जाहिरात

छत बंद आणि उघडं, आतून चारही बाजू, ट्रकच्या खालची बाजू, टायरचा डॉट कोड (शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा), स्टिकर, ओडोमीटर, आणि प्रत्येक ओरखडा. डेथ व्हॅलीतल्या सूर्यास्ताचा एक फोटो ठेवा, वीस नको. मुलांचे चेहरे आणि घराचा नंबर कुठेही दिसता कामा नये.

यादी करा की काय बरोबर जाणार आणि काय नाही. आमचा कुकर आणि मसाल्याचा डबा फोटोत राहिले होते, एकाने खरंच विचारलं, प्रेशर कुकर समाविष्ट आहे का.

८. बघायला येणार त्या दिवशी

फ्रिज आदल्या संध्याकाळी सुरू करा. प्रोपेनवर चालणाऱ्याला गार व्हायला कितीतरी तास लागतात, आणि "होईल गार" यावर कोणी विश्वास ठेवत नाही. टाकीत थोडं पाणी भरा म्हणजे पंप आणि नळ दाखवता येतील. फर्नेस, शेगडी, दिवे, पंखा, सगळं एकदा स्वतः चालवून बघा. प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर एक्स्पायरी असते, उलटली असेल तर नवीन लावा, हा खर्च वसूल होतो. सिलिंडरच्या कॉलरवर तारीख ठोकलेली असते, १२ वर्षं झाली असतील तर तपासणीशिवाय कोणी भरून देत नाही.

आणि छत त्यांनाच उचलू द्या. आत वाकून खांदा लावून ढकलायचं असतं, वर सोलर असलं की जड जातं. हे घरी नेऊन कळण्यापेक्षा तुमच्या अंगणात कळलेलं बरं. टेस्ट ड्राइव्हच्या आधी छताची सगळी कुलुपं लागली का आणि प्रोपेन बंद आहे का ते तुम्ही स्वतः फिरून बघा, लायसन्स आणि इन्शुरन्सचा फोटो घ्या, आणि बरोबर बसा.

९. पैसे

इथे घाई करू नका. ठरलेले सापळे असे:

- "माझ्यासाठी अमुक साइटवरून गाडीचा रिपोर्ट काढ" म्हणून लिंक येते. तुमचं क्रेडिट कार्ड लाटायचा धंदा.
- "तू खरा माणूस आहेस ना, तुला आलेला सहा आकडी कोड सांग." तुमच्या नंबरवर दुसऱ्याचं गुगल व्हॉइस खातं उघडलं जातं.
- न बघताच पूर्ण किंमत, वर ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे पण चेकमध्ये घालून पाठवतो. चेक खोटा असतो, बँक आधी पैसे खात्यात दाखवते आणि नंतर परत ओढून घेते.

सुरक्षित रस्ता म्हणजे कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, घेणाऱ्याच्या बँकेच्या शाखेत दोघांनी जायचं आणि टेलरने आपल्या डोळ्यांसमोर कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) बनवायचा. आम्ही तसंच केलं, चाळीस मिनिटं लागली. कोणी रोख देत असेल तरी बँकेतच मोजून घ्या आणि एकदम भरा. १०,००० डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला एक फॉर्म पाठवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तो टाळायला नऊ-नऊ हजार करून भरलेत तर तो मात्र गुन्हा आहे, पैसे कितीही स्वच्छ असले तरी. आपल्याकडे "थोडे थोडे भर" हा सल्ला फार सहज दिला जातो.

बिल ऑफ सेलवर किंमत कमी लिही, मला टॅक्स कमी पडेल, असंही एकाने सुचवलं. सरळ नाही म्हणा.

१०. सह्या आणि त्यानंतरचा अर्धा तास

टायटलवर खाडाखोड चालत नाही, त्यामुळे पेन टेकवायच्या आधी कुठली ओळ कोणाची ते बोटाने दाखवून घ्या. २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला २० वर्षं ओडोमीटरचा आकडा नोंदवणं बंधनकारक आहे. बिल ऑफ सेलवर "अॅज इज", म्हणजे आहे त्या स्थितीत, असं लिहा. सही झालेल्या टायटलचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मगच हातातून सोडा.

त्यानंतर लगेच, पार्किंगमध्ये उभं राहूनच, डीएमव्हीच्या साइटवर रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी विकली असल्याची नोंद, भरा. मुदत पाच दिवसांची आहे पण वाट कशाला बघायची. घेणाऱ्याने नावावर करायला उशीर केला आणि वाटेत दंड लागला तर हाच कागद तुम्हाला वाचवतो. इन्शुरन्स हे भरून झाल्यावर बंद करा, आधी नाही.

कॅलिफोर्नियात साधी नंबरप्लेट गाडीबरोबर जाते. म्हणून टोलच्या फास्टट्रॅकचा डबा काढणं पुरेसं नाही, खात्यातून तो प्लेट नंबरही काढा. आम्ही विसरलो, आणि बे ब्रिजचे दोन टोल आमच्या खात्यातून गेले. गॅरेजच्या दाराचं बटण पुसा, नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा, ब्लूटूथमधले फोन काढा, काचेवरचे पार्किंगचे स्टिकर खरवडा.

छत उघडणं-मिटणं, फर्नेस पेटवणं, पाणी काढून हिवाळ्यासाठी गुलाबी अँटीफ्रीझ भरणं, अशा तीन छोट्या व्हिडिओ क्लिप करून आम्ही त्यांना देऊन ठेवल्या. तरी दोन आठवड्यांनी रात्री साडेनऊला बाईंचा मेसेज आलाच, बिशप गावाजवळून, आतले दिवे गेलेत म्हणून. फ्यूज बॉक्स डावीकडच्या खालच्या कपाटात, पाण्याच्या टाकीच्या मागे आहे, दुसरा फ्यूज, आणि जास्तीचे फ्यूज चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत, असं कळवलं. दहा मिनिटांनी उजेड झालेला फोटो आला.